आणखी एक कोर्स, की थेट कामाची जागा?

नमस्कार ताई,

तुमचा मुलगा २४ वर्षांचा आहे आणि त्याला सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व आहे. दोन कोर्सची प्रमाणपत्रं हातात असूनही नोकरी नाही, आणि सध्या एका संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे फक्त दिव्यांगांसाठी असलेल्या वेगळ्या कामाच्या जागी, नुसतं जाणं-येणं चाललंय. त्यात आता एका संस्थेने समुदायाधारित नोकरी प्रशिक्षणाबद्दल, म्हणजे वर्गाऐवजी बाहेरच्या खऱ्या कामाच्या जागी शिकण्याबद्दल, विचारलंय. ‘अजून किती शिकवायचं त्याला?’ असं तुम्ही वैतागून लिहिलंय. वैताग रास्त आहे.

आधी पूर्ण तयार करायचं आणि मग नोकरी शोधायची, हा क्रमच अशा मुलांना मानवत नाही. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं त्यांना अवघड जातं. त्यामुळे वर्गात उत्तम जमणारी गोष्ट नव्या ठिकाणी अडते आणि ‘अजून तयार नाही’ हा शिक्का कायम राहतो. सहाय्यित रोजगारात हा क्रम उलटा असतो: आधी खरी जागा, मग तिथेच शिकणं. अशा मुलांना खऱ्या कामावरच शिकवणारा प्रोजेक्ट सर्च हा कार्यक्रम १९९६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात सुरू झाला. तो काही दयेपोटी सुरू झाला नव्हता. तातडीच्या विभागात सामान भरून ठेवायला माणसं टिकत नव्हती, ही रुग्णालयाची गरज होती. या कार्यक्रमातली मुलं वर्षभर वेगवेगळ्या विभागांत आळीपाळीने काम करत शिकतात.

अशा ठिकाणी जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून काम शिकवणारा माणूस, काय करतो ते सांगते. समजा, कपाटात सामान भरायचं आहे. कोच आधी ते काम स्वतः करून बघतो आणि त्याचे तुकडे पाडतो: यादी घे, कप्पा शोध, मोज, कमी असेल तेवढं भर, खूण कर. मुलगा मोजताना अडला तर आकडे घोकून घेत बसायचं कारण नाही. कप्प्यात एक रेघ मारायची; माल रेघेखाली गेला की भरायचा. मोजणीच गेली! सुरुवातीला कोच शेजारी उभा असतो, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मग अधूनमधून चक्कर मारतो. तोवर अडलं तर कोणाला विचारायचं हे मुलाला आणि एखाद्या सहकाऱ्याला ठाऊक झालेलं असतं. कोच हटलाच नाही, तर शिकवण्यात काहीतरी चुकतंय असं समजा.

तेव्हा संस्थेला सरळ विचारा. मागच्या तुकडीतले किती जण आज पगारी नोकरीत आहेत? नोकरी लागल्यावर कोच किती काळ येतो? शिकणं खऱ्या कामाच्या जागी आहे, की संस्थेच्याच खोलीत? बिनपगारी काळ किती, आणि तो लेखी आहे का? या शेवटच्या प्रश्नाला ‘बघू पुढे’ असं उत्तर आलं तर मी तिथे पाठवणार नाही. फुकट राबवून घेण्याला प्रशिक्षण म्हणणारेही भेटतात. मुलाला एखादा भत्ता मिळत असेल, तर पगार सुरू झाल्यावर त्याचं काय होतं हेही आधीच माहीत करून घ्या.

घरून एक गोष्ट आजपासून सुरू करता येईल: एकट्याने प्रवास. काम जमूनही रोज कोणीतरी सोडायला लागतं म्हणून नोकरी सुटलेली मी पाहिली आहे. ठरलेला एकच रस्ता घ्या. आधी त्याच्यासोबत जा, मग चार पावलं मागून, मग दुसऱ्या टोकाला जाऊन थांबा.

पहिल्या भेटीला प्रमाणपत्रांची फाइल नाही नेली तरी चालेल. त्याऐवजी आठवडाभर टिपणं काढा: तो कोणतं काम न सांगता करतो, कशात तासभर रमतो, कोणत्या आवाजाने किंवा गर्दीने बिथरतो, त्याचं काम सकाळी जास्त चांगलं होतं की दुपारी. कोचला याचाच उपयोग होतो. आणि त्यालाही सोबत न्या. प्रश्न त्याला विचारला असेल आणि उत्तराला वेळ लागत असेल, तर मध्ये तुम्ही बोलू नका.