झिंक-निकेल प्लेटिंगला चुंबकाची जोड द्यावी का?

प्रश्न : आमच्याकडे स्टीलच्या ब्रॅकेटवर अल्कलाइन झिंक-निकेल प्लेटिंग होते. टाकीला चुंबक लावला की थर गंजाला जास्त टिकतो, असे ऐकले. खर्च करण्याआधी खात्री कशी करावी? – एक वाचक, भोसरी

उत्तर : परिणाम खरा आहे, पण तो तुमच्या टाकीत दिसेलच असे नाही. चुंबकक्षेत्र विजेच्या प्रवाहाला काटकोनात असले की लॉरेंट्झ बल (चुंबकक्षेत्रात वाहत्या विजेवर येणारे बल) जॉबलगतचे, म्हणजे प्लेटिंग होणाऱ्या भागालगतचे, द्रावण सरकवते. तिथला आयन कमी असलेला थर पातळ होतो, हायड्रोजनचे बुडबुडे लवकर सुटतात, पिटिंग (थरातले बारीक खड्डे) घटते. क्षेत्र प्रवाहाच्याच दिशेने असेल तर हे बल जवळजवळ उरत नाही. 3 अँपिअर प्रति चौरस डेसिमीटर आणि 0.3 टेस्ला धरले तर बल येते प्रति घनमीटर 90 न्यूटन, म्हणजे द्रावणाच्या वजनाच्या 1 टक्क्याहूनही कमी. शांत बीकरमध्ये तेवढे पुरते. पंप किंवा एडक्टरने (द्रावण जोराने फिरवणाऱ्या नोझलने) ढवळलेल्या टाकीत ते सहज झाकले जाते.

म्हणून आधी 1 लिटरच्या बीकरमध्ये पाहा. चाचणीसाठी प्लेटिंग करायची पट्टी पितळेची घ्या. स्टील क्षेत्ररेषा स्वतःकडे ओढते आणि कडांवर हिशेब बिघडतो. बीकरच्या दोन बाजूंना विरुद्ध ध्रुव समोरासमोर ठेवा, क्षेत्र पट्टीच्या पृष्ठाला समांतर आणि आडवे राहील असे. पट्टीच्या जागी गॉसमीटरने मोजा (1 टेस्ला म्हणजे 10,000 गॉस). निकेलचा अॅनोडही चुंबकाकडे ओढला जातो, तो घट्ट बांधा. दुसरी पट्टी त्याच बाथमध्ये (प्लेटिंगच्या द्रावणात), त्याच तापमानाला, चुंबकाशिवाय करा.

खरी फसगत तुलनेत होते. या बाथमध्ये बराच प्रवाह हायड्रोजन सोडण्यात जातो. चुंबकाने ते प्रमाण बदलले तर त्याच वेळात थराची जाडी बदलते, आणि जाड थराचे श्रेय चुंबकाला मिळते. म्हणून वेळ नको, जाडी सारखी ठेवा, समजा 10 मायक्रॉन. एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी थराची जाडी आणि घटक मोजणाऱ्या यंत्रावर) थरातले निकेलही तपासा. 12 ते 15 टक्क्यांत गॅमा अवस्था (झिंक-निकेलची एक ठरावीक स्फटिकरचना) मिळते, गंजरोध तिच्यामुळेच आहे. चुंबकाने निकेल या मर्यादेबाहेर गेले तर थराचे कण बारीक झाले तरी काही उपयोग नाही. आधी बाथमधले झिंक-निकेलचे प्रमाण सुधारा.

जाडी आणि निकेल जुळले की त्याच मांडणीत तुमच्या स्टीलच्या पट्ट्या करून त्या 5 टक्के मिठाच्या, 35 अंशांच्या सॉल्ट स्प्रेत (खाऱ्या फवाऱ्यातल्या गंज-चाचणीत) लावा. दोन्हींना पॅसिव्हेशन (प्लेटिंगनंतरचा रासायनिक संरक्षक लेप) एकच द्या. पांढरा (झिंकचा) गंज बराचसा पॅसिव्हेशनवर ठरतो, त्यामुळे लाल (स्टीलच्या) गंजाचे तास स्वतंत्र नोंदवा.

प्रश्न : निओडिमियम चुंबक थेट बाथमध्ये सोडला तर?

उत्तर : सोडू नका. निकेलचा मुलामा कुठे फुटला की आतला चुंबक गंजतो आणि लोह बाथमध्ये उतरते. शिवाय लोखंडाचा चुरा त्याला चिकटतो. तो सुटून जॉबवर बसला की थर खरखरीत येतो. चुंबक पॉलिप्रॉपिलीनच्या बंद डब्यात, टाकीबाहेर ठेवा. साध्या ग्रेडचे चुंबक 80 अंशांच्या पुढे कायमचे कमजोर होतात. त्याहून गरम बाथला समेरियम-कोबाल्ट घ्या. 12.9 ग्रेडच्या (फार कठीण स्टीलच्या) बोल्टना स्टीलमध्ये शिरलेला हायड्रोजन काढण्याचे बेकिंग चुंबक लावूनही टळत नाही.