प्रत्यंचा चढवायची की ओढायची, आणि कमठा हा शब्द गावठी आहे का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत ताई. जत्रेला सीतास्वयंवर बसवताय, बांबूचं धनुष्य वाड्यावरच केलंय, आणि तालमीत वाद झाला की "रामाने प्रत्यंचा चढवली" म्हणजे दोरी कानापर्यंत ओढली का. दुसरं, धनुष्य करून देणारे काका त्याला कमठा म्हणतात, तर तो शब्द संहितेत चालेल का.

चढवणं वेगळं, ओढणं वेगळं. दोरी कायमची बांधलेलीच असते ही समजूत टीव्हीवरच्या मालिका आणि जत्रेतली प्लास्टिकची खेळणी बघून झालीय. खरा कमठा काम नसतं तेव्हा जवळजवळ सरळ काठी असतो, दोरीचा एक फास खालच्या टोकाला पक्का आणि दुसरा वरच्या बाजूने सैल खाली सरकवलेला. काम पडलं की खालचं टोक पायाशी अडवायचं, मांडीचा रेटा देऊन काठी वाकवायची आणि ती वाकलेली आहे तोवर वरचा फास सरकवून खाचेत बसवायचा, हे झालं चढवणं. काम संपलं की उतरवायची. बाण लावून दोरी मागे नेली की ते ओढणं किंवा ताणणं, आणि कानापर्यंत आणली की आकर्ण. वाल्मीकींनी तर दोन्ही सांगितलंय, बालकांडाच्या ६७व्या सर्गात राम आधी मौर्वी म्हणजे दोरी चढवतो, मग धनुष्य पूर्ण ओढतो आणि तेव्हा ते मधोमध मोडतं. म्हणजे तुमचा दिग्दर्शकपण बरोबर आणि राम झालेला पोरगापण, फक्त दोन्ही एकाच झटक्यात उरकू नका.

यातलं मला सगळ्यात आवडणारं म्हणजे "सज्ज". ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, ती ज्याला लावलीय ते सज्य, आणि त्याचंच सज्ज झालं. आपण "निवडणुकीसाठी यंत्रणा सज्ज" लिहितो तेव्हा कुणीतरी मांडीचा रेटा देऊन काठी वाकवलेली असते! कोटीपण इथलीच, कोटि म्हणजे धनुष्याचं टोक, टोकाची म्हणून मोठी संख्या.

न उतरवल्यावर काय होतं ते आम्ही भोगलंय. आमच्याकडे एका वर्षी माणग्याचा (माणगा म्हणजे बांबूचीच एक जात) छान कमठा केला, पहिल्या तालमीला चढवला तो तसाच रंगपटाच्या खुंटीवर, जत्रेपर्यंत पंधरा दिवस कुणी हात लावला नाही. बांबूने तोच बाक धरला, दोरी ढिली, आणि रावणाने नुसता हात लावला तर फास घसरून खाली. लोक हसले, रावणही हसला.

आता कमठा. गावठी असेल तर अभिमानाने गावठी म्हणा. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात तो आहे आणि अर्थ दिलाय धनुष्य, त्यातही बांबूचं किंवा शिंगाचं. संस्कृत कोशांत कमठ म्हणजे कासव आणि बांबूही, त्यामुळे मला तरी कमठा बांबूकडूनच आलेला वाटतो. दिवाळीला आकाशदिव्याला आणि नरकासुराच्या सांगाड्याला आपण ज्या कामट्या वापरतो त्या याच घरातल्या दिसतात. तिरकमठा मात्र गमतीदार जोडकाम आहे, तीर फारसी आणि कमठा आपला. फारसी कमानसुद्धा मुळात धनुष्यच, पण मराठीत ती दारावर जाऊन बसली आणि घड्याळातही शिरली, म्हणून रामाच्या हातात "कमान" आता कानाला खटकते.

वस्तू कशाची त्यावरून नाव हा प्रकार जुनाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात (अधिकरण २, अध्याय १८) ताड, चाप नावाचा बांबू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची सामग्री सांगून कार्मुक, कोदंड, द्रूण, धनु अशी नावं दिलीत, आणि दोऱ्यांसाठी मूर्वा नावाची वनस्पती, रुई, ताग, गवेधु नावाचं गवत, वेळू, स्नायू. मूर्वेची म्हणून मौर्वी, शृंगाचं म्हणून शार्ङ्ग, त्यावरून विष्णू शारंगपाणी. (बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, कुंडीत लावतात त्या स्नेक प्लांटच्या जातभाईंना इंग्रजीत बोस्ट्रिंग हेंप म्हणतात, म्हणजे तेही पाळण्यातलं नाव धनुष्यावरूनच.)

तर संहितेत देवांच्या तोंडी धनुष्य, कोदंड असू दे, शिवधनुष्याला कमठा म्हटलं तर प्रेक्षक उठतील, पण गावच्या पारध्याचं किंवा भिल्लाचं पात्र असेल तर त्याच्या हाती कमठाच द्या. आणि मोडायचं धनुष्य वेगळं, आधीच कापून जोडलेलं ठेवा. चांगल्या कमठ्यावर रामाला दोरी हळू मागे आणून हळूच पुढे न्यायला सांगा. स्वयंवरात बाण नसतो, आणि बाण नसताना ताणलेली दोरी सोडून दिली की तो सगळा जोर काठीतच बसतो, मग धनुर्भंग तालमीतच होईल आणि काका पुन्हा माणगा तोडायला जाणार नाहीत.