स्क्रॅचमध्ये यादीतून ३५पेक्षा कमी गुण काढताना काही आकडे तसेच का राहतात?

स्क्रॅच म्हणजे ब्लॉक जोडून प्रोग्राम बनवायची भाषा. तिच्यात तुमची गुणांची यादी ७२, २८, ३१, ५५, १९ अशी आहे. ३५पेक्षा कमी गुण डिलीट करायचे आहेत, पण ३१ शिल्लक राहतात आणि प्रोग्राम सुरू करणारा हिरवा झेंडा दुसऱ्यांदा दाबला की तेही जातात. तुमची अट बरोबर आहे. यादी मोजायची दिशा चुकली आहे.

स्क्रॅचमध्ये यादीचा पहिला क्रमांक १ असतो. तुमचा आय (यादीतली कितवी जागा तपासायची ते सांगणारा व्हेरिएबल) १पासून एकेकाने वाढतो. आय २ झाला की २८ डिलीट होतात. त्याच क्षणी मागचे सगळे आकडे एकेक जागा पुढे सरकतात, म्हणजे ३१ आता दुसऱ्या जागेवर आले. पण आय तर ३ वर गेला! तिथे ५५ आहेत. ३१ तपासलेच गेले नाहीत. पुढे १९ जातात आणि पाचव्या फेरीत त्या जागी काहीच नसतं. स्क्रॅच तिथे चूक दाखवत नाही, गप्प बसतं, म्हणून ही गडबड लवकर सापडत नाही. झेंडा दाबला म्हणून यादी मूळ रूपात परतत नाही, त्यामुळे दुसरी फेरी उरलेल्या ७२, ३१, ५५ वर चालते आणि तेव्हा ३१ तावडीत सापडतात. लागोपाठ चार किंवा जास्त नापास असतील तर दोनदा झेंडा दाबूनही पुरत नाही.

उपाय: शेवटाकडून या. आयला आधी यादीची लांबी द्या. तेच काम ठरावीक वेळा करणाऱ्या रिपीट ब्लॉकमध्येही तीच लांबी टाका. आत अट तपासा, लागू झाली तर आय क्रमांकाचा आकडा डिलीट करा, आणि अटीच्या बाहेर आय -१ ने बदला. आता डिलीट केल्यावर सरकतात ते तपासून झालेलेच आकडे, त्यामुळे काही सुटत नाही. रिपीट आपली संख्या सुरुवातीला एकदाच वाचतं, म्हणून मध्ये यादी आखूड झाली तरी फेऱ्या पाचच होतात.

नावांची वेगळी यादी असेल तर त्याच अटीत तिच्यातलाही तोच क्रमांक डिलीट करा, नाहीतर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातील.

खरं तर मी मूळ यादीला हातच लावणार नाही. ‘उत्तीर्ण’ नावाची नवी यादी करा आणि ३५ किंवा जास्त गुण तिच्यात ॲड करत जा. मूळ गुण शाबूत राहतात, शिवाय १पासून पुढे मोजलं तरी चालतं. फक्त झेंड्याखाली पहिलाच ब्लॉक ‘उत्तीर्ण’मधलं सगळं डिलीट करणारा हवा, नाहीतर दर वेळी तेच आकडे पुन्हा खाली जोडले जातील.

आणखी एक, मराठीत टाइप करणाऱ्यांना हमखास नडणारी गोष्ट. इथे मी आकडे देवनागरीत लिहिलेत, पण स्क्रॅचमध्ये इंग्रजी आकडेच टाका. देवनागरी २८ स्क्रॅचला संख्या वाटत नाही, अक्षरं वाटतात. मग तुलना अक्षरांसारखी होते आणि अटीतला ३५ इंग्रजी आकड्यांत असेल, तर ‘३५पेक्षा कमी’ ही अट कधीच लागू होत नाही. बेरजेत तर ते शून्य धरले जातात. उलट गैरहजर मुलाची जागा रिकामी ठेवलीत, तर ती ३५पेक्षा कमी ठरून डिलीट होते. तिथे ‘गैरहजर’ असा शब्द लिहा, तो या अटीत सापडत नाही. मात्र ‘उत्तीर्ण’ यादी करताना तोच शब्द ३५पेक्षा मोठा ठरतो, म्हणून तिथे त्याला वगळणारी वेगळी अट घाला.