रोज चालते, तरी खालून उठताना आधार लागतो

प्रश्न: वय ४८, डोंबिवलीला राहते, नोकरी बसून करायची. रोज संध्याकाळी पाऊण तास चालते, सहसा चुकवत नाही. तरीपण पूजेला खाली बसलं की उठताना भिंतीला हात लावावा लागतो आणि पिठाची १० किलोची पिशवी उचलली की दोन दिवस कंबर धरते. मुलगा म्हणतो फंक्शनल ट्रेनिंग सुरू कर. ते जिममधल्या पोरांचं असतं ना, मला काय उपयोग?

उत्तर: ताई, चालणं सोडू नका, हृदयाला आणि शुगरला त्याचा फायदा आहेच. पण चालताना गुडघे थोडेसेच वाकतात आणि हातात वजन नसतं, त्यामुळे खालून उठायची, उचलायची ताकद त्यातून फारशी येत नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि पाळी जायच्या सुमाराला हाडंपण विरळ व्हायला लागतात, म्हणून ताकदीचा व्यायाम वेगळा करावाच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलंय की आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय किमान २ दिवस स्नायूंचा, हा दुसरा भागच आपण विसरतो.

फंक्शनल ट्रेनिंग म्हणजे बसणं-उठणं, वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं, ओझं घेऊन चालणं, ह्याच हालचालींचा सराव, हळूहळू वजन वाढवत. तालमीतल्या बैठका तरी दुसरं काय आहेत? त्यामुळे जिम लागतेच असं नाही, आणि त्या डुगडुगत्या बॉलवर उभं राहून डंबेल मारायचे व्हिडिओ असतात ना, ते तर तुम्हाला अजिबात नको.

सुरुवात खुर्चीपासून करा. घट्ट खुर्ची भिंतीला टेकवा, दोन्ही हात छातीवर, थोडं पुढे झुकून उठा आणि बसताना धपकन न बसता मनात तीन आकडे मोजत बसा, कारण मांड्यांची खरी परीक्षा खाली येतानाच असते. असं ८-१० वेळा, दम घेऊन परत एकदा. एक दिवसाआड केलं तरी पुरे. सोपं वाटायला लागलं की खुर्चीच्या जागी बुटकं स्टूल घ्या, मग हातात एखादी पाण्याची बाटली.

आता कंबर. बहुतेक जण पिशवी लांब ठेवून, पाठ गोल करून उचलतात, आणि वजन अंगापासून जितकं लांब तितका कमरेवर ताण जास्त. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभ्या राहा, गुडघे किंचित सैल सोडा आणि पाठ सरळ ठेवून ढुंगण मागे नेत भिंतीला टेकवा. मांडीच्या मागे ओढ जाणवली म्हणजे बरोबर जमलं. हे आधी रिकाम्या हाताने, मग दोन-तीन किलोने, १० किलोवर उडी मारू नका. उचलताना पिशवी दोन पावलांच्या मध्ये, अंगाला चिकटून, आणि वळायचं असेल तर कमरेतून पीळ न देता पावलं वळवा. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन घरातल्या घरात फेऱ्या मारल्या तरी पकड, खांदे, पोट सगळ्याला काम मिळतं.

मात्र कंबरेतून पायात कळ जात असेल, मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर हे सगळं थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: सासरे ७२ वर्षांचे आहेत. त्यांनी केलं तर चालेल का?

उत्तर: चालेल काय, त्यांना तर जास्त गरज आहे! ६५ नंतर तोल आणि ताकद दोन्हीचा व्यायाम आठवड्यातून ३ दिवस सांगितलाय, पडणं टाळायला. खुर्चीवरून उठणं-बसणं त्यांनाही चालेल, आणि ओट्याला हात लावून एका पायावर थोडा वेळ उभं राहायचं, जवळ कोणीतरी हवंच. उठताना चक्कर येत असेल तर आधी बीपी तपासून घ्या.