कुड्याची साल: मात्रा नंतर, आधी कुडा ओळखा

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. पेठहून कामाला येणाऱ्या मावशींनी दिलेली कुड्याची साल आईंना रोज ताकात उगाळून द्यावी का, दुकानातली पूड हीच असते का, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या त्यामुळे टाळता येतील का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो: नाही. वय 64, मधुमेह आणि वर्षभर अधूनमधून आव, एवढं ऐकल्यावर कुठलाही जाणता वैद्यसुद्धा आधी शौचतपासणीच करायला लावेल. तीन वेगवेगळ्या दिवसांचे ताजे नमुने द्या, कारण अमिबा असला तरी रोज सापडतोच असं नाही. ‘जुनी आव’ म्हणून ज्यावर घरोघरी काहीबाही चालू असतं, ती पुष्कळदा अमिबाची नसतेच. आतड्याला सूज असते, व्रण असतात, या वयात कधी गाठही निघते. रक्त पडत असेल किंवा वजन उतरलं असेल तर थेट पोटविकारतज्ज्ञांकडे जा. सहाण पळून जात नाही.

आता कुड्याबद्दल. औषधी कारखान्यात कच्चा माल तपासण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे या सालीशी चांगली ओळख आहे. झाड गुणी आहे, यात वाद नाही. त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा या आपल्या नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात ते डोंगरउतारावर सहज दिसतं. उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांचे झुपके येतात, त्या फुलांची भाजीही करतात. संस्कृतात हा कुटज, आणि त्याचं बी म्हणजे कडू इंद्रजव. चरकसंहितेत एकेका कामासाठी श्रेष्ठ द्रव्यांची यादी आहे, तिथे कफ, पित्त आणि रक्त बांधून धरणाऱ्या, शोषून घेणाऱ्या द्रव्यांत कुड्याच्या सालीला अग्रमान दिलाय. म्हणजे मावशी काही जगावेगळं सांगत नाहीत.

गोची आहे ती ओळखीत. ‘कुडा’ नावाने आपल्याकडे निदान तीन झाडं चालतात. औषधाचा तो पांढरा कुडा, शास्त्रीय नाव होलऱ्हेना. काळा कुडा आणि तांबडा कुडा ही दोन्ही राइटिया या वेगळ्या वंशातली. काळ्या कुड्याचं बी म्हणजे गोडे इंद्रजव. त्याचं लाकूड पांढरं, मऊ, कातकामाला उत्तम. कर्नाटकातली चन्नपट्टणची लाखेची खेळणी त्याचीच होतात. खेळण्यांना झकास, पण आवेवर त्याच्या सालीचा भरवसा नाही. आणि बाजारात पांढऱ्या कुड्यात भेसळ होते ती मुख्यतः याचीच. हे आजचं नाही. युरोपात ही साल ‘कोनेसी’ किंवा ‘तेलिचेरी’ साल म्हणून जायची, आणि तिथेही राइटियाच्या घोळामुळे खरीचंच नाव खराब झालं. आपल्याकडे ‘कुडा दिला पण गुण आला नाही’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी कुडा दिलेलाच नसतो, असं माझं मत आहे.

तुमच्याकडचा तुकडा उजेडात धरून बघा. खऱ्या सालीचा बाहेरचा अंग करडा-तपकिरी, खडबडीत, हाताला बारीक फोड आल्यासारखे उंचवटे लागतात. आतली बाजू फिकट तपकिरी. वाळलेला तुकडा वाकवला तर वाकत नाही, कट्‌कन मोडतो आणि मोडलेली कड रवाळ दिसते. काळ्या कुड्याची साल लालसर तपकिरी आणि पुष्कळच गुळगुळीत असते. मग नखाएवढा कण जिभेवर ठेवा आणि थुंकून टाका. पांढऱ्या कुड्याचा कडवटपणा लगेच चढतो आणि चूळ भरली तरी लवकर जात नाही. कडू लागायला वाट बघावी लागली तर ती साल बाजूला ठेवा. एक लक्षात घ्या, कडू लागली म्हणजे शंभर टक्के कुडाच, असं नाही; कडू सालींची जंगलात वानवा नाही. ही चाचणी नापास करायला चांगली, पास करायला अपुरी.

पुडीच्या बाबतीत तर यातलं काहीच करता येत नाही, म्हणून जुन्या नाशकातल्या काष्ठौषधीच्या दुकानात गेलात तर अख्खी सालच मागा. तयार औषध घेताना डब्यावर होलऱ्हेना हे नाव आहे का ते वाचा.

दुसरी चूक होते ती वेळेची, आणि ती आयुर्वेदाचं नाव घेऊनच होते. जुलाब लागले की दुसऱ्याच तासाला कुडा पाजतात. पण आम पडत असताना, म्हणजे पोट जड, कळ येते, चिकट दुर्गंधी शौच होते तेव्हा, सुरुवातीलाच बांधणारं औषध देऊ नये, हे चरकांनीच स्पष्ट सांगितलंय. घाण आत कोंडली की पोट फुगतं, दुखणं लांबतं. आषाढात नळाला गढूळ पाणी आलं की जे जुलाब लागतात, त्यात पहिलं औषध पाणीच: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा सरळ ओआरएसचं पाकीट. लहान मुलांना आणि गरोदर बाईला कुडा घरच्या घरी देऊच नये.

शास्त्रात ओल्या सालीचा पुटपाक सांगितलाय, तो मला फार आवडतो. ताजी साल तांदळाच्या धुवणात वाटायची, गोळा जांभळीच्या पानांत गुंडाळून बांधायचा, वरून मातीचा जाड लेप देऊन गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचा. माती लाल झाली की फोडून आतला रस पिळायचा आणि मधातून द्यायचा. फ्लॅटमध्ये कोण करणार म्हणा. त्यामुळे आज व्यवहारात उरतात ती कुटजघनवटी (गोळी), कुटजारिष्ट (आंबवलेलं पातळ औषध) आणि कुटजावलेह (चाटण). आईंना साखर आहे, म्हणून अरिष्ट आणि अवलेह दोन्ही आपल्या मनाने आणू नका, त्यांत गूळ-साखर असते. घनवटीत सालीचा घन, म्हणजे आटवलेला काढा, आणि अतिविष ही औषधी मुळी असते, गूळ नसतो. वैद्य बहुधा तीच लिहून देतील, पण मात्रा त्यांनाच ठरवू द्या आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवायला विसरू नका.

‘रोज, कायमची’ या विचाराला माझा विरोधच आहे. हे बांधणारं औषध आहे. गरज नसताना चालू ठेवलं तर मलावरोध आणि गुबारा ठरलेला. शिवाय ‘झाडाचं आहे, अपाय काय होणार’ हेही खरं नाही. सालीतलं मुख्य अल्कलॉइड कोनेसिन. ते वेगळं काढून अमिबावर वापरून झालंय. गुण येत होता, पण काही रोग्यांची झोप उडाली, चक्कर, बेचैनी असे मेंदूशी निगडित त्रास झाले आणि ते मागे पडलं. साध्या काढ्यात ते एवढं एकवटलेलं नसतं, पण मूठभर साल रोज उकळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मावशींना पुढच्या खेपेला त्याच झाडाची शेंगांची जोडी आणायला सांगा. पांढऱ्या कुड्याच्या दोन लांब, बारीक शेंगा देठाशी एकत्र आणि टोकाला सुट्या लोंबतात. काळ्याच्या पिकेपर्यंत टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात, तांबड्याच्या तर अख्ख्याच जुळलेल्या. आणि साल काढताना बुंध्याला गोल सोलू नका म्हणावं, झाड वाळतं. एखादी फांदी तोडून तिची काढली तर कुडा पुन्हा फुटतो.