उणे तीस टक्के पाणी आणि बारा टक्के व्याज

आकडेमोड: वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

या वेळच्या पत्रांत पाणी, कर्ज, जमीन आणि सोनं आहे. आमच्या सोलापूर जिल्ह्यात रात्रीच्या जेवणाला बसलं की हेच चार विषय निघतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

प्रश्न: बाई, उन्हाळ्यात पेपरात येतं, ‘उजनी उणे तीस टक्के’. शून्य टक्के म्हणजे धरण रिकामं, इतपत कळतं. त्याच्याही खाली पाणी कसं जाईल? आणि पावसाळ्यात तेच धरण १११ टक्के भरतं! (एक वाचक, माढा)

शून्य टक्के म्हणजे रिकामं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? गच्चीवरच्या टाकीची तोटी तळापासून वीतभर वर असते. नळाचं पाणी थांबलं की आपण ‘टाकी संपली’ म्हणतो, पण झाकण उघडून बघितलं तर तळाला पाणी असतंच. उजनीचं शून्य त्या तोटीपाशी धरलंय. त्या पातळीच्या खाली पाणी गेलं की ते कालव्याला आपोआप जात नाही. त्या खालच्या पाण्याला मृत साठा म्हणतात.

आता आकडे घ्या. उजनीत एकूण मावतं सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी. त्यातला मृत साठा जवळजवळ ६४, आणि उपयुक्त साठा साडेत्रेपन्न. टक्केवारी काढतात ती या साडेत्रेपन्नवर, ११७ वर नाही. उणे तीस टक्के म्हणजे साडेत्रेपन्नचे तीस टक्के, साधारण १६ टीएमसी, मृत साठ्यातून गेले. उरले ४७ ते ४८. पुण्याची खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तरी त्यांत २९ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. म्हणजे ‘उणे’ उजनीत भरलेल्या चार धरणांपेक्षा दीडपटीहून जास्त पाणी असतं. पेपरातला मथळा वाचून हे कुणाला कळेल?

म्हणून चिंता नको असं मात्र नाही. त्या पाण्यातला काही भाग गाळानं खाल्लाय, आणि बॅकवॉटरला, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्याला, करमाळा-इंदापूरकडे उसासाठी पाणी उपसणाऱ्या मोटारी बसल्यात, त्यांना पाइप दरवर्षी पुढे पुढे न्यावे लागतात. १११ टक्क्यांचं कोडंही याच हिशेबात सुटतं. पावसाळ्याच्या शेवटी ठरलेल्या पातळीच्या थोडं वर पाणी अडवतात, एकूण साठा १२३ टीएमसीपर्यंत जातो. ११७ च्या वरचे ते सहा टीएमसी साडेत्रेपन्नच्या मापात अकरा टक्के भरतात.

जाता जाता, विसर्गाच्या बातम्यांसाठी एक आकडा पाठ करून ठेवा. ११,५७४ क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. ‘वीस हजार क्युसेक’ ऐकून भीमाकाठचे नातेवाईक फोन करायला लागतात, तेव्हा ते किती तास सोडणार आहेत हे आधी विचारावं.

प्रश्न: मुलाच्या टेंपोसाठी एक लाख हवेत. आमच्या बचत गटात शेकडा दोननं मिळतात. एक फायनान्सवाला ‘फक्त बारा टक्के फ्लॅट’ म्हणतो, वर दोन हजार प्रोसेसिंग फी. बारा कुठे आणि चोवीस कुठे! घरचे सगळे म्हणतात, फायनान्सचंच घे. (एक भगिनी, बार्शी)

ताई, सही करायच्या आधी पत्र टाकलंत हे बरं केलंत. शेकडा दोन म्हणजे महिन्याला दोन, वर्षाला चोवीस, एवढं घरच्यांचं बरोबर. पण दोन्हीकडे व्याज कशावर लागतं ते कुणी बघितलं का?

दोन्हीकडे कर्ज बारा महिन्यांत फेडायचं धरू. गटात दरमहा ८,३३३ रुपये मुद्दल फेडायचं आणि जेवढं उरलंय त्यावर दोन टक्के व्याज द्यायचं. पहिल्या महिन्याचं व्याज २,०००. दुसऱ्या महिन्यात मुद्दल ९१,६६७ वर आलं, व्याज १,८३३. असं उतरत उतरत शेवटच्या महिन्यात १६७. बाराही महिन्यांची बेरीज केलीत तर व्याज होतं तेरा हजार.

फ्लॅटवाला काय करतो? एक लाखाचे बारा टक्के, बारा हजार, पहिल्याच दिवशी मिळवतो आणि एक लाख बारा हजारांचे बारा हप्ते पाडतो. तुम्ही निम्मं मुद्दल फेडलंत तरी व्याज पूर्ण लाखावरच चालू. उतरत्या मुद्दलावर मांडलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. त्यात फीचे दोन हजार आधीच कापून हातात ९८ हजार ठेवले की दर पंचवीसच्याही वर. रुपयांत सांगायचं तर व्याज आणि फी मिळून गेले चौदा हजार. ‘बारा टक्के’वाल्याकडे चौदा हजार आणि ‘चोवीस टक्के’वाल्या गटात तेरा. शिवाय गटाला दिलेलं व्याज गटातच राहतं, त्यात तुमचाही वाटा असतो.

तरीही फायनान्सकडेच जायचं ठरलं तर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना हा कागद द्यावाच लागतो आणि त्यात फी धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. तो नाही म्हणाला तर चहा पिऊन उठा.

प्रश्न: वडील सांगायचे, आपली एक एकर. सातबाऱ्यावर ०.४०.४७ आहे. चाळीस गुंठ्यांची एकर, मग वरचे ४७ म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा जास्तीचा का? शेजारी बांध कोरतोय म्हणून विचारतो. (एक शेतकरी, मोहोळ)

नाही, दादा. उताऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा क्रमानं क्षेत्र लिहितात. तुमचे शून्य हेक्टर, ४० आर, ४७ चौरस मीटर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, तेव्हा सगळे मिळून ४,०४७ चौरस मीटर. एकर तेवढीच असते. वडील बरोबर सांगत होते.

गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. तो आरपेक्षा मोठा, पण फरक सव्वा चौरस मीटरहूनही थोडा कमीच, त्यामुळे गावात बोलताना दोन्ही एकच धरतात आणि बहुतेक वेळा चालून जातं. बांधाच्या भांडणात चालत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. शेजाऱ्याला उतारा दाखवून काही होणार नाही, कारण बांध कुठून जातो ते सातबाऱ्यावर नसतं, नकाशावर असतं.

प्रश्न: सासूबाईंच्या पाटल्या ‘पाच तोळ्यांच्या’. सराफाकडे ५८ ग्रॅम भरल्या. तो म्हणतो पाच तोळे आठ ग्रॅम. हे आठ ग्रॅम आले कुठून? आम्हा दोघी जावांत वाटायच्या आहेत. (एक वाचक, अकलूज)

कुठून आले नाहीत, होतेच. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, पाच तोळ्यांचे अठ्ठावन्न होतात. हल्ली सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. वाटणीच्या कागदावर तोळे लिहू नका, ग्रॅम लिहा. आणि जुन्या पाटल्यांवर ९१६ चा शिक्का बहुधा नसणार. तो आकडा हजार भागांत ९१६ भाग सोनं, म्हणजे बावीस कॅरट, असं सांगतो. तेव्हा वजनाआधी दोन्ही पाटल्यांची शुद्धता वेगवेगळी तपासून घ्या. मध्ये कधी एखादी मोडून परत घडवली असेल तर दोन्हींचं सोनं सारखं असेलच असं नाही, आणि तपासताना दोघीही दुकानात हजर असा.