साक्षीदाराला वेगळं पान द्यायचं का?

प्रश्न : आपल्या कोल्हापूरच्या बालहत्याकांडात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, यांच्याविरुद्ध रेणुकाचा नवराच माफीचा साक्षीदार झाला. एकट्या त्याच्या जबानीवर केस उभी राहिली म्हणतात. मग विकिपीडियावर त्याचा वेगळा लेख का नको? मी लिहायला घेतलाय, पण मित्र म्हणतो टिकणार नाही.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : मित्राचं बरोबर आहे राव. म्हणजे तो साक्षीदार महत्त्वाचा नव्हता असं कोण म्हणत नाही, घरातलाच माणूस, गुन्ह्यात सामील, त्याला आतलं सगळं ठाऊक. पण "एकट्याच्या जबानीवर" हे जरा जास्तच झालं. माफीचा साक्षीदार स्वतःची मान सोडवून घ्यायला बोलत असतो हे कोर्टालाही कळतं, त्यामुळं त्याच्या बोलण्याला दुसरीकडनं दुजोरा मिळतोय का ते बघितल्याशिवाय सहसा शिक्षा देत नाहीत.

आता तुमचा लेख डोळ्यासमोर आणा. जन्म कुठला, शाळा कुठली, काय माहीत नाही. दुसऱ्याच ओळीला १९९६ ची अटक, आणि मग २००१ ला सेशन्स कोर्टाची फाशी, २००४ ला हायकोर्ट, २००६ ला सुप्रीम कोर्ट, २०१४ ला राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला, आणि त्या अर्जावर निर्णयाला फार उशीर लावला म्हणून २०२२ ला हायकोर्टानं फाशीची जन्मठेप केली. हे सगळं त्या बहिणींचं झालं की! त्याचं स्वतःचं काय? मूळ खटल्याचाच लेख नाव बदलून परत लिहिला, शिळ्या कढीला ऊत.

इंग्रजी विकिपीडियावर यासाठी नियमच आहे, जिवंत माणूस एकाच घटनेपुरता माहीत असेल आणि एरवी प्रसिद्धीपासनं लांब असेल तर शक्यतो वेगळा लेख करायचा नाही, घटनेच्या लेखातच लिहायचं. पण घटना मोठी, त्यातला त्याचा वाटा मोठा आणि त्यावर भरपूर लिहिलं गेलेलं असेल तर वाट मोकळी.

उदाहरण द्यायचं तर गांधीहत्येच्या खटल्यातला दिगंबर बडगे. पुण्यात हत्यारं विकणारा माणूस, २० जानेवारी १९४८ च्या फसलेल्या प्रयत्नाच्या वेळी बिर्ला हाऊसवर हजर, पुढं माफीचा साक्षीदार. लाल किल्ल्यात न्यायमूर्ती आत्माचरण यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, पण सावरकरांच्या बाबतीत त्याच्या सांगण्याला पुरेसा दुजोरा मिळाला नाही म्हणून १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात सावरकर सुटले. बडगे किती खरं बोलला यावर अजून लोक भांडतात, म्हणजे वाद खुद्द साक्षीदाराबद्दल आहे. तिथं वेगळं पान शोभतं.

आणि माफीचा साक्षीदार तरी निदान गुन्ह्यातला असतो, नुसता प्रत्यक्षदर्शी असेल तर मी दहादा विचार करीन. बिचारा रस्त्यानं चाललेला, नको ते दिसलं, कोर्टात येऊन खरं बोलला. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली, तिच्यात गरज पडली तर साक्षीदाराची ओळख लपवायचीसुद्धा सोय आहे, आणि आपण त्याचं गाव, धंदा, फोटो सगळं जगापुढं मांडायचं? हे मला तरी पटत नाही.

तुमची मेहनत वाया जाणार नाही, काळजी नको. खटल्याच्या लेखातच "साक्षीपुरावा" असा विभाग करा आणि त्याला माफी कशी मिळाली, तो काय बोलला, दुजोरा कशाचा मिळाला ते तिथं सविस्तर लिहा. फक्त निकालपत्राची पीडीएफ मिळाली म्हणून थेट तीच उतरवायला बसू नका, जिवंत माणसाबद्दल कोर्टाच्या कागदावरनं दावे केलेले तिथं चालत नाहीत, पेपरात किंवा पुस्तकात छापून आलेला आधार लागतो. त्याच्या नावानं शोधणाऱ्यांसाठी पुनर्निर्देशन करून ठेवा, म्हणजे नाव शोधलं की थेट खटल्याचा लेख उघडेल, बास.